फडकं साहेबांचं, शिव्या मात्र पोराला

आज सकाळी पार्किंगमध्ये जे ऐकलं त्यानं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी पुढं सरका.

आमच्या अपार्टमेंटमधल्या एका साहेबांनी मागच्या वर्षी काळी एसयूव्ही घेतली. आज कोवळ्या उन्हात त्यांना बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसले, आणि ते गाडी पुसणाऱ्या पोरावर तुटून पडले. बाप काढला, पगार कापायची भाषा केली. पोरगं मान खाली घालून उभं. हातात फडकं.

ते फडकं मी बघितलं. साहेबांचंच जुनं बनियन. शिवणी तशाच, गळ्याची पट्टी तशीच. त्यानंच चाकं, त्यानंच डिकी, त्यानंच बॉनेट. आणि पाणी? "कोरडंच मार रे, आज टँकर नाही," हे साहेबांचं वाक्य मी जिना उतरताना कितीदा ऐकलंय. मी मध्ये पडले तर म्हणाले, "मॅडम, गाड्यांतलं तुम्हाला काय कळतं?"

कळतं. माझे मामा इथं लातुरातच औसा रोडला काळी-पिवळी चालवायचे. सुट्टीत मी त्यांच्याकडं राहायचे आणि पहिल्या फेरीआधी जीप धुवायला बादली धरून उभी असायचे. बादली एकच. शेजारी गोडेतेलाचा रिकामा डबा, त्यातही पाणी. मामा आधी टपावरून तांब्यातांब्यानं पाणी सोडायचे आणि नुसतं बघत थांबायचे. मी घाई केली की म्हणायचे, "आधी धूळ व्हाऊ दे पोरी, मग हात लाव." मग आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं फडकं घ्यायचे. काठ फाडून काढलेले, कारण काठाचा धागा राठ असतो. एक पट्टा पुसला की फडकं डब्यात खंगाळायचं, पिळायचं, मगच बादलीत. आज यूट्यूबवर पोरं इंग्रजीत 'टू बकेट मेथड' शिकवतात तेव्हा मला हसू येतं. निदान घाणीचं पाणी वेगळं ठेवायची अक्कल तरी औसा रोडवर तेव्हाही होती.

आता त्या साहेबांना कुणी सांगावं. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40-50 मायक्रॉनचा. केसाच्या जाडीहूनही कमी. आणि आपल्याकडची धूळ म्हणजे काही पिठी नव्हे. मुरूम, खडी क्रशरची भुकटी, काळ्या दगडाचा चुरा. हे कण त्या थरापेक्षा कठीण. कोरड्या फडक्यानं ते रोज सकाळी गोल गोल फिरवायचे आणि मग चरे कुठून आले म्हणून विचारायचं! ते पोराच्या हातानं पडलेले नाहीत. तुमच्या बनियननं पडलेत, तुमच्या 'कोरडंच मार'नं पडलेत. वीस लाखांच्या गाडीला दीडशे रुपयांचं फडकं द्यायला जीव जातो, आणि पोराचा बाप काढायला काही लागत नाही.

बरं, हेच साहेब रविवारी स्वतः पाइप घेऊन उतरतात. पाइप चालू, फोन कानाला. मिनिटाला 10-15 लिटर सहज वाहतं, अर्धा तास. पाणी गेटबाहेर रस्त्यावर. त्यांच्या पैशाचा टँकर आहे, मान्य. पण हे लातूर आहे हो! 2016 चा एप्रिल विसरलात? धनेगावचं मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी नको म्हणून जमावबंदी, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी. पहिल्या गाडीला 10 वॅगन होत्या, सुमारे 5 लाख लिटर. सगळा देश टीव्हीवर आपल्याकडं बघत होता. त्या उन्हाळ्यात मामांची जीप विकून झाली होती, दारात मोठ्या पोराची जुनी ओम्नी असायची. मामा घागरी घेऊन टँकरच्या रांगेत असायचे. घरी आले की ओलं फडकं घट्ट पिळून पुढची काच तेवढी टिपायचे. बाकी गाडी मातीत. कुणी काही बोललं तर, "काच दिसायली ना? मग बास." मला ती मळकी ओम्नी आजही साहेबांच्या चकचकीत गाडीपेक्षा जास्त आवडते. असो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, तर कामाचं सांगते. कारण पोराला ओरडणारे आपल्यातही आहेत.

मामांचं लुगडं आजच्या गाडीला नको, हे मी नाइलाजानं कबूल करते. मायक्रोफायबर खरंच चांगलं. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचे अगदी बारीक धागे, त्यांच्या लवेत धूळ वर उचलली जाते, रंगावर रगडत नाही. पण सगळं मायक्रोफायबर सारखं नसतं. धुवायला झुबकेदार हातमोजा, पुसायला जाड टॉवेल, आतल्या डॅशबोर्डला पातळ चाललं. पाकिटावर जीएसएम बघा, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 300 च्या वरचं घ्या, सुकवायला त्याहून जाड. कडेला जाड शिवण किंवा टोचणारं लेबल असेल तर लेबल आधी कापा. सिग्नलवर मिळतं ते पिवळं फडकं काचेला आणि चाकाला ठेवा, बॉनेटला नको. चाकाचं फडकं तर कायमचं वेगळंच, ब्रेकचा लोखंडी चुरा त्यात अडकलेला असतो. आणि फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं बाद. झटकून भागत नाही. मामांच्या हातून फडकं खाली पडलं की ते सरळ टायरला जायचं, वर परत नाही.

सावलीत धुवा, बॉनेट थंड असताना. आपल्याकडच्या एप्रिलात शाम्पू फेस व्हायच्या आधी वाळतो. भांड्याचा साबण आणि निरमा नको, वॅक्स निघून जातं. बोअरचं पाणी तर लगेच टिपायलाच हवं. 600-700 फुटांवरून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, ते उन्हात वाळलं की पांढरे ठिपके बसतात आणि नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. टिपा म्हणजे टिपाच, घासू नका. टॉवेल पसरून ठेवायचा, हलकेच ओढायचा. रबरी पट्टीनं पाणी ओढणाऱ्यांना माझा दंडवत, पट्टीखाली एक खडा आला की बॉनेटभर रेघ.

आणि पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉशचं द्रावण मिळतं. बादलीभर पाण्यात टोपणभर. 8-10 लिटरमध्ये अख्खी गाडी होते, वरून पाणी मारायची गरज नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बसला असेल तर मात्र हे चालत नाही, तेव्हा वॉशिंग सेंटरचा प्रेशर लागतोच. (तिथंही तोच स्पंज चाकाला नि बॉनेटला फिरतो का, ते उभं राहून बघा.) प्रेशर मशीनला उघड्या पाइपपेक्षा पाणी कमीच लागतं, हेही खरं.

कुणी म्हणेल, मायक्रोफायबर म्हणजे प्लास्टिकच, धुताना त्याचे तंतू गटारात जातात. जातात, खोटं नाही. म्हणून तर नीट वापरून वर्षानुवर्षं टिकवायचं. सुती कपड्यांत धुवू नका, त्यांचं लव चिकटतं. पातळ साबण, सॉफ्टनर अजिबात नको, इस्त्री नको.

दुपारी त्या पोराला माझी दोन फडकी दिली. ते म्हणालं, "ताई, साहेब म्हणतेत बनियनच वापर, नवं वाया जातंय." आता यावर काय बोलायचं? मी म्हटलं, साहेबांच्या गाडीला बनियनच वापर, पण आधी तांब्याभर पाणी सोड. पाण्याचं विचारलं तर माझं नाव सांग.

कमेंटमध्ये 'सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसवायचा कडक पारदर्शक लेप) करून घ्या' सांगणारे येतीलच. कोटिंगवरही मुरूम घासला तर चरे पडतात, तेव्हा राहू द्या. त्यापेक्षा गंजगोलाईच्या आसपास बिनशिवणीचा जाड टॉवेल कुठं मिळतो ते कुणी सांगा. ऑनलाइनवाले फोटोत जाड दाखवतात आणि हातात आला की त्यातून पलीकडचं दिसतं.