नेपल्सचे ‘बसमधून दर्शन’

आज सकाळी मावसभावाने त्याच्या इटली सहलीचा कार्यक्रम वाचायला पाठवला आणि त्यातल्या एका ओळीने माझे डोके फिरले: ‘नेपल्स – बसमधून दर्शन’. बसमधून दिसणार काय? बंदर, किल्ला आणि पुढच्या बसची पाठ. ज्या जुन्या वस्तीसाठी या शहरात थांबायचे, तिच्या बोळांत बस शिरूच शकत नाही.

ग्रीकांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी आखलेले तीन समांतर रस्ते तिथे आजही रोजच्या वापरात आहेत. त्यांतल्या मधल्या रस्त्यावरून, व्हिया देई त्रिबुनालीवरून, आम्ही आईला घेऊन चाललो होतो. एका वाण्याच्या दुकानापुढे वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपली खाली आली. आत सुटी नाणी आणि एक चिठ्ठी. गिऱ्हाइकांत अडकलेल्या वाण्याने पाव आणि दुधाची बाटली सरळ आईच्या हातात ठेवली. तिने दोन्ही नीट रचून दोरीला हिसका दिला आणि वर बघून सांगितले, “ओढा आता, सावकाश.” वरच्या आजीबाईंनी सावकाशच ओढली.

सहल कंपनीच्या मते हा भाग ‘असुरक्षित’ आहे. पाकीटमार आहेत, कचरा आहे, स्कूटरवाले अंगावर येतात, हे मान्य. पण दादरला आपण पर्स पोटाशी धरूनच चालतो ना?

त्याच रस्त्यावर सान लोरेन्झो माज्जोरे या चर्चच्या खाली उतरले की रोमन बाजारातली गल्ली आणि दुकानांचे गाळे लागतात. थोडे पुढे पिओ मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्या चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोचे १६०७ सालचे, भुकेल्याला अन्न, मृताला मूठमाती अशा दयेच्या सात कृत्यांचे चित्र, ज्या वेदीसाठी काढले तिच्यावरच आहे. तुरुंगाच्या गजांतून म्हाताऱ्याला अंगावर पाजणारी तरुणी, प्रेताचे फक्त बाहेर आलेले पाय, आणि हे सारे एका अंधाऱ्या बोळात दाटीवाटीने चाललेले. आई त्याच्यापुढे बराच वेळ उभी होती. टोपली भरून आलेल्या बाईला ते चित्र समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

खरा संताप मात्र पुढेच आहे. युनेस्कोने १९९५ मध्ये या वस्तीला जागतिक वारसा ठरवले, ते योग्यच झाले. पण वारसा म्हणजे केवळ दगड, असा समज करून घेतलेल्या लोकांनी आता तिथली घरे पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने द्यायला काढली आहेत. रस्त्याच्या पातळीवरची एका खोलीची बिऱ्हाडे, ज्यांना तिथे ‘बास्सो’ म्हणतात, तीही यातून सुटलेली नाहीत. दाराशेजारी पाहुण्यांसाठी चावी ठेवायची, आकडे जुळवून उघडणारी पेटी दिसली की समजावे, या घरातून टोपली खाली येणार नाही. पर्यटकांमुळे अनेकांच्या चुली पेटतात, हे नाकारत नाही. पण आजीबाईंनाच हलवायचे असेल तर उरते काय?

मावसभावावर माझा राग नाही, तो बिचारा पैसे भरून बसला आहे. तुमच्यापैकी जे स्वतः ठरवून जाणार असतील त्यांनी जुन्या वस्तीसाठी पूर्ण दिवस ठेवावा, संगमरवरी शिल्पांसाठी प्रसिद्ध असलेल्या सान्सेव्हेरोच्या चॅपेलचे तिकीट आधीच काढावे, आणि मुक्काम साध्या हॉटेलात किंवा मालक स्वतः राहत असलेल्या घरातच करावा.