‘एआय दुर्बीण आली, आता तुकडा नको’: फॉरवर्ड कुठे चुकतो

मुंबईतल्या कोलायटिस-क्रोन्सच्या, म्हणजे आतड्याच्या जुनाट सुजेच्या रुग्णांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘नव्या एआय दुर्बिणीला सूक्ष्मदर्शकाइतकं दिसतं. तुकडा (बायोप्सी) काढू देऊ नका, तो लॅबचा धंदा आहे. त्यापेक्षा कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळा. त्रास नसेल तर तपासणीच नको.’

सूक्ष्मदर्शकाइतकं दिसत नाही. एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग) या दुर्बिणीच्या पद्धतीत प्रकाशाचे दोन अरुंद पट्टे वापरतात, साधारण ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचे. हिमोग्लोबिन ते शोषून घेतं, म्हणून रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात आणि त्यांची जाळी विस्कटली आहे का ते कळतं. पण वरून आतडं गुळगुळीत, मेयो स्कोअर (दुर्बिणीतून दिसणाऱ्या सुजेचे गुण) शून्य, आणि तुकड्यात मात्र सूज चालू असल्याचं सांगणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, असंही होतं. पेशी दाखवणारी कन्फोकल दुर्बीण आहे. तिच्यासाठी शिरेतून फ्लुओरेसीन द्यावं लागतं आणि ती एका वेळी मिलिमीटरहून लहान जागा पाहते. एआय बहुतांशी साध्या आतड्यातले पॉलिप पाहून शिकलेलं. सुजेतला सपाट डिसप्लेजिया (पेशींतला कॅन्सरआधीचा बदल) ओळखणं त्याला जड जातं.

लॅबचा धंदा? यात अर्धं खरं आहे. पूर्वी दर १० सेंटिमीटरला चार तुकडे घेत. आता इंडिगो कार्मिन हा निळा रंग फवारून किंवा एचडी दुर्बिणीने नीट पाहून संशयास्पद जागेचेच घेता येतात. मात्र पीएससी (पित्तनलिकांचा जुनाट आजार) असेल, आधी डिसप्लेजिया सापडला असेल किंवा आतडं आखडून नळीसारखं झालं असेल, तर जागोजागचे तुकडे अजूनही घेतात.

आणि आपल्याकडे टीबी आहे. लहान आणि मोठं आतडं जुळतं त्या इलिओसीकल भागातला व्रण क्रोन्सचा की टीबीचा, हे कुठलाच कॅमेरा खात्रीने सांगत नाही. क्रोन्स समजून स्टेरॉइड सुरू केलं आणि निघाला टीबी, तर तो पसरतो. इथे एक चूक हमखास होते: सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये जातात. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) होत नाही. कल्चर आणि जीनएक्स्पर्ट या टीबीच्या जनुकीय चाचणीसाठी वेगळे तुकडे सलाइनमध्ये घ्यायला सांगा. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या कोलायटिसमध्ये सीएमव्ही हा विषाणूही तुकड्यातच सापडतो.

कॅप्सूल साधारण २६ मिमी लांब, ११ मिमी जाड. क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालं असेल तर ती अडकते, कधी ऑपरेशनने काढावी लागते. शंका असेल तर आधी, वाट मोकळी आहे का ते पाहायला, विरघळणारी पेटन्सी कॅप्सूल देतात. कॅप्सूल बाहेर पडेपर्यंत एमआरआय नको.

त्रास नसला तरी, आजार गुदाशयाच्या वर पसरलेला असेल तर लक्षणं सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी कॅन्सरसाठीची तपासणी सुरू करतात. पीएससी असेल तर निदान होताच, दरवर्षी. ती सूज शांत असतानाच करायची, कारण सुजेत डिसप्लेजिया लपतो.

कॅमेरा कितीही भारी असो, पोट साफ नसेल तर व्यर्थ. पोट साफ करणारं पीईजीचं द्रावण अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सोडियम फॉस्फेटचं जुलाबाचं औषध टाळा, त्याने क्रोन्ससारखे बारीक व्रण उठतात. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी थांबवा. कोकम सरबत नको, ते रक्तासारखं दिसतं. कर्जत-कसाऱ्याहून येणाऱ्यांनी सकाळी उशिराची वेळ मागून घ्यावी. लोकलमध्ये शौचालय नसतं.