चांगली विहीर वाया घालवण्याची रीत

आजोबा-पणजोबांनी बांधलेली विहीर वाटणीत तुमच्याकडे आली असेल, तर आधी धीर धरा. दगडी विहीर चिवट असते, हे मान्य. पण नेटाने दुर्लक्ष केलं तर कोणतीही विहीर एका पिढीत निकालात काढता येते, आणि त्याला खर्चही फारसा येत नाही. जो येतो तो शेवटी येतो, तोवर सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागलेलं असतं.

सुरुवात पाहणीपासून. पाहणी करावी ती भाद्रपदात. पाणी वरपर्यंत आलेलं असतं, काठावर गवत हिरवंगार, फोटो झकास येतो. चैत्र-वैशाखात पाणी तळाला जातं, तेव्हा मात्र चुकूनही आत डोकावू नका. भिंतीला कुठे पोट सुटलंय, कोणता चिरा निखळलाय, झरा कोणत्या अंगाने येतोय आणि गाळ किती साचलाय, हे सगळं त्या दिवसांत उघडं पडतं. एकदा दिसलं की दुरुस्ती करावी लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची माणसं वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात, निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. मोजू द्या, त्यांची नोकरीच आहे. तुम्ही दोरीला दगड बांधून पाणी मोजायला लागलात आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवलात, तर पाणी कधीपासून कमी झालं हे तुम्हाला खरोखरच कळेल. मग पारावर बसून ‘पूर्वी उन्हाळ्यातसुद्धा मोट अडत नव्हती’ असं छातीठोक सांगता यायचं नाही.

बांधकामाच्या फटीत पिंपळाचं रोप उगवलं असेल तर हात जोडा. पिंपळ तोडू नये, हे आपल्याला ठाऊक असतंच. अगदीच नजरेला खुपला तर वरची फांदी छाटा आणि मुळं तशीच ठेवा. छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने आत शिरतो. जे चिरे बसवायला पाथरवटांना महिने लागले, ते हा गडी एकटा, बिनपगारी, उचकटून काढतो.

तरीही घरातल्या एखाद्या हौशी माणसाने दुरुस्तीचा हट्ट धरलाच, तर गवंडी निवडताना काळजी घ्या. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात विहिरीला पाणी येतं ते मुरमातून, मांजऱ्या म्हणजे झिजून ठिसूळ झालेल्या खडकातून आणि कातळाच्या सांध्यांतून. जुने लोक म्हणून वरचा ठिसूळ भाग बांधून काढत, खालचा खडक उघडा ठेवत, आणि दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्याने भरताना पाण्याची वाट मोकळी सोडत. तुम्ही आतून वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गुळगुळीत गिलावा मारून घ्या. झऱ्यांची तोंडं कायमची बंद होतील. पुढच्या पावसाळ्यात भिंतीमागे तुंबलेलं पाणी रेटा देईल, तेव्हा गिलाव्यासकट भिंत आत येईल. गिलाव्यात पाइपाचे तुकडे बसवून पाण्याला वाट ठेवणारे गवंडी अजून सापडतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

भिंत त्याहून लवकर पाडायची असेल तर तोही उपाय आहे. गाळ काढायचं निमित्त करून दोन मोटारी लावा आणि विहीर एका रात्रीत कोरडी करा. आतलं पाणी भिंतीला टेकू देत असतं. ते एकदम काढून घेतलं आणि मागची माती ओलीच राहिली, की जुनं बांधकाम सकाळपर्यंत तुमच्या मनासारखं होतं. थांबत थांबत उपसा करणाऱ्यांना हा अनुभव मिळत नाही.

गाळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या लोकांची खरी प्रतिभा इथेच दिसते. यारी म्हणजे गाळ उचलायचं यंत्र लावून, मजुरी देऊन वर काढलेला गाळ काठावरच ओतावा. ट्रॉलीचं भाडं वाचतं. मृगाच्या पहिल्या सरीला तो स्वतःच्या पायाने आत परत जातो, आणि तोवर त्याचा भार काठाच्या बांधकामावर पडत राहतो, हा वरचा फायदा. शेतात पसरला तर पीक चांगलं येईल, असं कुणी म्हणेल. त्यांना म्हणावं, तुमच्या शेतात न्या. मग ते गप्प बसतात.

एवढं करून विहीर आटली, की पाणाड्याला बोलवा. तळहातावर नारळ उभा राहिला की त्याच जागी बोअर घ्या. शेजाऱ्याने ३०० फूट मारला असेल तर आपण ५००. विहिरीच्या तळाला साचलेल्या गाळाखाली झरे बुजलेत का, हे पाहायला काही हजार लागले असते. त्यापेक्षा लाखभर रुपयांची धूळ उडताना पाहणं केव्हाही देखणं.

सरकारचाही कल तुमच्याच बाजूचा आहे. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीला अडीच लाख आणि जुनीच्या दुरुस्तीला ५० हजार मिळत. पुढे हेच ४ लाख आणि १ लाख झाले. दुरुस्तीला पैसे ठेवलेत हीच नवलाई, पण त्यांच्या मागे लागून काय मिळणार? नव्या विहिरीला भूमिपूजन असतं, फलक असतो, फलकावर नावं असतात. दर्जा भरलेल्या जुन्या विहिरीसमोर नारळ फोडायला कोणता पुढारी आलाय आजवर?

काही गावांनी मात्र फार वाईट पायंडे पाडलेत. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, शके १६४१ ते १६४६ या काळात बांधलेली. तीनशे वर्षं झाली तरी पाणी देतेय. परभणी जिल्ह्यात वालूरच्या लोकांनी तर गाळ-कचऱ्यात बुजलेली चक्राकार बारव श्रमदानाने मोकळी केली. आता लांबलांबून माणसं ती बघायला येतात. अशा गावांशी सोयरीक करताना विचार करावा.

कठडा हवा की नको, हा वाद आमच्याकडे कायमचा. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरत, त्यातून नारूच्या जंताचा रोग पसरायचा. पायऱ्या बंद करून कठडे बांधले गेले, पाणी गाळून प्यायची सवय लावली गेली, आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. काम झालं, म्हणजे कठड्याचे दगड आता गोठ्याच्या पायाला न्यायला हरकत नाही. जुन्नरकडे बिनकठड्याच्या विहिरीत बिबट्या पडतो, वनखातं पिंजरा घेऊन येतं, चॅनेलवाले येतात, गावाचं नाव राज्यभर होतं. कठडेवाल्या गावांना कोण विचारतं?

आता माणूस आत उतरवण्याबद्दल. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत पालापाचोळा, निर्माल्य, मेलेली जनावरं कुजून वायू साचतो आणि तळाला प्राणवायू उरत नाही. म्हणून जुने लोक आधी कंदील सोडून बघत. ज्योत विझली तर उतरायचं नाही, एवढं त्यातून कळायचं. ज्योत जळत राहिली तरी विषारी वायू नाहीच, याची हमी मात्र नसते. त्याला वायू मोजायचं यंत्र लागतं. तुम्ही दोन्ही करू नका. वास येतो का बघू म्हणा. कुजक्या अंड्यासारखा वास देणारा वायू फार झाला की नाकच बधिर करतो, म्हणजे वास गेला की सगळे निर्धास्त. डिझेल पंप आतल्या टप्प्यावर ठेवून चालू केलात तर उरलीसुरली हवाही संपते. आणि पहिला माणूस कोसळला, की दुसऱ्याने विचार न करता मागोमाग उतरायचं, मग तिसऱ्याने. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडीत, शेणाचा खड्डा म्हणून वापरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं, त्याच्यामागे माणसं गेली आणि पाच जण मेले. कमरेला दोर बांधून उतरलेला तेवढा वाचला. पुढच्याच एप्रिलमध्ये मध्य प्रदेशात खांडवा जिल्ह्यातल्या कोंडावत गावी गणगौरच्या विसर्जनासाठी विहीर साफ करायला माणसं उतरली आणि आठ जण गेले. दोर बाजारात काही शे रुपयांना मिळतो. इतकी स्वस्त वस्तू असल्यामुळेच ती कुणाच्या अंदाजपत्रकात येत नाही.

शेवटी पाणी शुद्ध करणं. पुस्तकी हिशेब असा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ७८५ ने गुणलं की लिटर मिळतात. दर हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. सहा मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण साडेपाचशे ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, साका खाली बसू द्यायचा, वरची निवळी विहिरीत सोडायची, निदान अर्धा तास थांबायचं, मग ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या तपासणीत, पाणी पिवळं होतं का बघायचं. तुम्ही पोत्याचं तोंड वर्षभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन आपोआप उडून जातो. साथ आल्याची बातमी लागली की काठावरून दोन मुठी भिरकावा आणि रजिस्टरला मागच्या महिन्यापासूनच्या सह्या एकदम करून घ्या.

आणि वैशाखात गावाला टँकर मंजूर झाला की घाई करून विहीर साफ करायला जाऊ नका. टँकर येईल, ड्रायव्हर पाइप सोडेल आणि बारा हजार लिटर पाणी त्याच विहिरीत, त्याच गाळावर ओतून निघून जाईल. बाया पोहरे घेऊन काठावर उभ्या असतीलच. फेरीची नोंद करायला मात्र विसरू नका, बिल फेऱ्यांवर निघतं.