‘नाटो आता भंगारात काढा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

एक लांबलचक मेसेज फिरतोय, आमच्या नात्यातल्या ग्रुपवर दोनदा आला, दुसऱ्यांदा तर वर ‘प्रत्येकाने वाचाच’ असं लिहून. मुद्दा काय तर वॉर्सा करार (सोव्हिएत गटाची लष्करी युती) १९९१ ला गुंडाळला तेव्हाच नाटोचंही (अमेरिका आणि युरोपच्या लष्करी युतीचंही) दुकान बंद व्हायला हवं होतं, युक्रेनचं युद्ध नाटोनेच पेटवलं, पेटवलं तर पेटवलं वर थांबवताही आलं नाही, खर्च सगळा अमेरिकेचा, आणि आता ट्रम्पमुळे नाटो तशीही मेलीच आहे तर युरोपने स्वतःची आर्मी काढावी. ज्या काकांनी पाठवलाय त्यांना ग्रुपवर एवढं मोठं उत्तर देणं बरं दिसत नाही म्हणून इथे लिहितोय.

वॉर्सापासून सुरू करू. मेसेजवाल्याने धरून चाललंय की वॉर्सा करार होता म्हणून नाटो निघाली. अहो उलटंय. नाटो एप्रिल १९४९ ची, वॉर्सा करार मे १९५५ चा, पश्चिम जर्मनी नाटोत गेल्यावर केलेला. आणि या वॉर्सावाल्यांच्या फौजा मिळून घुसल्या कुठे, तर १९६८ ला आपल्याच मेंबरच्या घरात, चेकोस्लोव्हाकियात. पुढे पोलंड, हंगेरी आणि चेक १९९९ ला नाटोत गेले ते कुणी हाताला धरून ओढलं म्हणून नव्हे, त्यांनीच दारात उभं राहून बेल वाजवली होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

‘युद्ध नाटोने पेटवलं’ यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करूनच पुढे जातो. फेब्रुवारी १९९० मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर सोव्हिएत नेते गोर्बाचेव्हना ‘नाटो एक इंचही पूर्वेकडे नाही’ असं बोलले होते, पण सप्टेंबर १९९० च्या जर्मनीवरच्या करारात लेखी आलं ते फक्त पूर्व जर्मनीपुरतं. खरी घोडचूक माझ्या मते एप्रिल २००८ ची, बुखारेस्टच्या नाटो बैठकीत युक्रेन आणि जॉर्जियाला सांगितलं की तुम्ही मेंबर होणार, कधी ते नाही सांगितलं, तोपर्यंत तुम्हाला कोण सांभाळणार तेही नाही. म्हणजे रशियाला चिडवलं पण आणि यांना उघड्यावर सोडलं पण. चार महिन्यांत जॉर्जियात युद्ध झालं.

पण मग क्रिमियाचं काय? २०१० मध्ये यानुकोविच राष्ट्राध्यक्ष असताना युक्रेनने कायदा केला की आम्ही कुठल्याच लष्करी गटात जाणार नाही. तो कायदा चालू असतानाच २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला. कायदा रद्द झाला त्यानंतर, डिसेंबरात. आणि फिनलंड बघा, रशियाला लागून साधारण १,३४० किलोमीटरची सीमा, एप्रिल २०२३ ला नाटोत गेला आणि रशिया-नाटो जमिनीवरची सीमा एका दिवसात दुपटीपेक्षा जास्त झाली. नाटो जवळ आली की रशियाला युद्ध करावंच लागतं असं असेल तर मग तिथे काय झालं? रणगाडे नाही आले. पुतिन तर २०२२ मध्येच म्हणाले होते की फिनलंड-स्वीडनशी आम्हाला प्रॉब्लेम नाही, फक्त तिथे लष्करी तळबिळ वाढवले तर उत्तर देऊ.

आता ‘थांबवता आलं नाही’. युक्रेन मेंबरच नाही. पॉलिसी काढलीच नाही आणि क्लेम मिळाला नाही म्हणून विमा कंपनीला शिव्या, असला प्रकार आहे हा. नाटो काय थांबवते ते बघायचं असेल तर पोलंड-युक्रेनच्या सीमेजवळच्या दोन जागा बघा. सीमेच्या अलीकडे पोलंडमधलं झेशुफ, तिथल्या विमानतळावरून युक्रेनला जाणारी बहुतेक पाश्चात्त्य शस्त्रं पुढे सरकतात, सगळ्या जगाला माहितीये, रशियाला तर आधी. पलीकडे युक्रेनमध्ये यावोरिवचं ट्रेनिंग सेंटर, सीमेपासून वीसेक किलोमीटर. १३ मार्च २०२२ ला रशियाने यावोरिववर मिसाईलं टाकली, तिसाहून जास्त माणसं मेली. झेशुफवर एकही नाही, आजपर्यंत. मधे एक तारेचं कुंपण आणि नाटो कराराचं कलम ५, म्हणजे एका मेंबरवर हल्ला तो सगळ्यांवर.

आणि हे नुसतं कागदावर नाहीये. ९-१० सप्टेंबर २०२५ च्या रात्री वीसेक रशियन ड्रोन पोलंडमध्ये घुसले तेव्हा पोलंडची एफ-१६ उडाली, सोबत डच एफ-३५, वर इटलीचं टेहळणी विमान, हवेत पेट्रोल भरायला टँकर, खाली जर्मनीची पॅट्रियट ही मिसाईल-विरोधी यंत्रणा अलर्टवर. त्यातले बरेच ड्रोन फोम आणि प्लायवूडचे, आणि पाडायला कोटी कोटी रुपयांची मिसाईलं, हा हिशोब कुणालाच परवडणारा नाही, तो भाग नाटोला अजून सुटलेला नाही हे खरं. पण इस्टोनियाचं बघा, स्वतःचं एकही फायटर विमान नाही. त्याच महिन्यात तीन रशियन मिग-३१ त्यांच्या हद्दीत १२ मिनिटं फिरले, हाकलायला उडाली ती इटलीची एफ-३५. बाल्टिकच्या तिन्ही देशांवरचं आकाश २००४ पासून असंच पाळीपाळीने राखलं जातंय. एकट्याने कसं केलं असतं त्यांनी?

खर्चाचं लवकर आटपतो. नाटोच्या कॉमन बजेटमध्ये अमेरिकेचा वाटा १५-१६ टक्क्यांच्या आसपास, जर्मनीचाही तेवढाच. मेसेजमधला भलामोठा आकडा आहे तो अमेरिकेच्या सगळ्या डिफेन्स खर्चाचा, त्यात पॅसिफिक-बिसिफिक सगळं आलं. मात्र युरोपवाले वर्षानुवर्षं फुकट बसले होते ही ट्रम्पची तक्रार खोटी नाही, जीडीपीच्या २ टक्के खर्च करणारे २०१४ ला फक्त ३ देश होते. २०२४ ला वीसच्या आसपास झाले, आणि जून २०२५ ला हेगच्या नाटो बैठकीत २०३५ पर्यंत ५ टक्क्यांचं ठरलंय, स्पेनने कुरकुर केली ते सोडा.

ट्रम्पचा मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. कलम ५ आजवर एकदाच वापरलं गेलं, २००१ ला, अमेरिकेसाठी. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाने अफगाणिस्तानात चाळीसहून जास्त सैनिक गमावले. त्याच डेन्मार्कला ग्रीनलँड द्या म्हणून दमात घेतलं अमेरिकेने. उद्या इस्टोनियावर वेळ आली तर हा माणूस फोन उचलेल का, ही शंका युरोपात आहे आणि ती रास्त आहे. मेसेजवाल्याने बाकी सगळं सोडून एवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

पण त्यावर त्याचा उपाय काय, तर युरोपियन आर्मी. युरोपियन युनियनच्या करारात एकमेकांना मदतीचं कलम आधीपासून आहे, ४२(७), पॅरिसच्या हल्ल्यानंतर २०१५ ला फ्रान्सने वापरलंही. पण युनियनमध्ये ब्रिटन नाही, नॉर्वे नाही, तुर्की नाही. अणुबॉम्ब एकट्या फ्रान्सकडे. युद्ध चालवायचं हेडक्वार्टर आहे ते नाटोचं, बेल्जियममध्ये माँसजवळ, तिथे हे सगळे देश आत्ताच एका छताखाली बसतात. जर्मनी लिथुआनियात कायमची ब्रिगेड उभी करतेय, २०२७ पर्यंत ५ हजारांच्या आसपास लोक, तीही नाटोच्याच प्लॅनमध्ये बसवलेली. उद्या खरंच युरोपियन आर्मी काढली तरी त्याच लोकांना त्याच इमारतीत बसवावं लागेल काका, फार तर दारावरची पाटी बदलतील.