‘ट्रिप झाला की रीसेट मारा’ या मेसेजला उत्तर

महिनाभरापासून जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या वायरमन आणि फिटर मंडळींच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा : मोटरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी) ट्रिप झाला, म्हणजे दोष ओळखून स्वतःच बंद पडला, तर रीसेट मारा, फॉल्ट नाही गेला तर मेन बंद-चालू करा. ओव्हरकरंट आला तर करंट लिमिट आणि टॉर्क बूस्ट (कमी वेगात मोटरला द्यायचं जादा व्होल्टेज) वाढवा. ओव्हरव्होल्टेज हा लाइनचा दोष, स्टॅबिलायझर बसवा. ड्राइव्ह तापला तर पॅनलचं दार उघडून कूलर लावा. अर्थ फॉल्ट जात नसेल तर अर्थची वायर काढून बघा. तरी चालला नाही तर ड्राइव्ह गेला समजा.

अर्थ फॉल्टचं आधी सांगतो, कारण त्या सल्ल्यानं माणूस मरू शकतो. मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही फेजच्या करंटची बेरीज शून्य आली पाहिजे. ती आली नाही, म्हणजे करंट कुठून तरी जमिनीत चाललाय, एवढं ड्राइव्हला कळतं. वाइंडिंग बॉडीला लागलेलं असताना अर्थची वायर काढली, तर त्या बॉडीला हात लावणारा माणूसच अर्थ होतो. केळीच्या ओल्या मळ्यात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल, हे वायरमनला सांगायला नको. करायचं ते असं : मेन बंद करा, ड्राइव्हवर छापलेली मिनिटं थांबा, डीसी बसचं (ड्राइव्हच्या आत वीज साठून राहते त्या डीसी भागाचं) व्होल्टेज उतरल्याची मीटरनं खात्री करा. मग यू, व्ही, डब्ल्यू या मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरी ड्राइव्हपासून सोडवा आणि ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फक्त केबल-मोटरच्या बाजूला लावा. वायरी न सोडवता मेगर फिरवला तर चांगला ड्राइव्हही जाईल. सबमर्सिबल असेल तर बोअरमधला केबलचा जॉइंट पहिल्यांदा तपासा. पाणी बहुधा तिथंच शिरलेलं असतं.

रीसेट मारणं वाईट नाही. लाइट झपकली, अंडरव्होल्टेज आला, तर रीसेट मारून खुशाल पुढे जा. पण ओव्हरकरंट किंवा शॉर्टसर्किटवर पुन्हा पुन्हा रीसेट मारताना प्रत्येक वेळी तो झटका आतल्या आयजीबीटीला (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचला) बसतो. शिवाय रन कमांड चालूच असेल, तर काही सेटिंगमध्ये रीसेटबरोबर मोटर फिरायला लागते. जिनिंगमध्ये अडकलेला कापूस काढायला त्याच वेळी कोणाचा हात रोलरजवळ असू शकतो. मेन बंद-चालू करण्याआधी फॉल्ट हिस्टरी उघडा. ट्रिपच्या क्षणी किती हर्ट्झ, किती अँपिअर, डीसी बसवर किती व्होल्ट होते, हे बऱ्याच ड्राइव्हमध्ये साठवलेलं असतं. माझा निम्मा शोध तिथंच संपतो.

ओव्हरव्होल्टेजचाच हिशेब करून बघू. ४१५ व्होल्टची लाइन डीसी झाली की साधारण ५८७ व्होल्ट होतात. या वर्गातले बहुतेक ड्राइव्ह ८०० व्होल्टच्या आसपास ट्रिप होतात. नुसत्या लाइनमुळे डीसी बस तिथवर न्यायची तर लाइनला साडेपाचशेच्या वर व्होल्टेज लागेल. तसं झालं तर गिरणीतले बाकीचे दिवे-पंखे सलामत राहतील का? मग हे व्होल्टेज येतं कुठून? मोटरकडूनच. जिनिंगचा मोठा ब्लोअर ५० हर्ट्झवर फिरतोय आणि कोणीतरी थांबण्याचा वेळ ५ सेकंद ठेवलाय. जड पंखा एवढ्यात थांबत नाही. तो मोटरला ढकलतो, मोटर जनरेटर होते आणि ती वीज डीसी बसवर चढते. थांबवतानाच ट्रिप होत असेल तर कारण हेच. वेळ ४०-६० सेकंद करा, नाहीतर मोटर मोकळी फिरत थांबू द्या. पटकन थांबवणं गरजेचंच असेल तर ती वीज उष्णता करून संपवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा. स्टॅबिलायझरचा इथे काडीचा उपयोग नाही. हां, मोटर एका वेगात चालू असताना किंवा बंद असताना ट्रिप झाला, तर लाइनकडे जरूर बघा. पॅनलमधली कपॅसिटर बँक आत-बाहेर होतानाचा झटका असू शकतो. तिथे इनपुटला चोक (झटका अडवणारी कॉइल) लावून फरक पडतो.

कूलरचा सल्ला देणाऱ्यानं मे महिन्यात आपल्याकडची जिनिंग पाहिलेली नाही. रुईची तूस हीटसिंकच्या (ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पात्यांत बसते. कूलरची दमट हवा लागली की ती तूस नमद्यासारखी घट्ट होते आणि कार्डावर ओल येते ती वेगळीच. ड्राइव्ह बंद करून कोरड्या हवेनं पाती साफ करा, आतला पंखा फिरतोय का बघा, फिल्टर बदला. बहुतेक ड्राइव्हचं रेटिंग ४० अंशांना दिलेलं असतं आणि त्यावर प्रत्येक अंशाला साधारण १ टक्का करंट कमी धरायचा असतो. भुसावळला बाहेरच ४५ अंश असतात, पत्र्याच्या पॅनलमध्ये त्याहून जास्त.

राहिला ओव्हरकरंट आणि ‘ड्राइव्ह गेला समजा’. चोपडा तालुक्यातल्या एका मळ्यात साडेसात एचपीच्या सबमर्सिबलला नवा ड्राइव्ह बसवला होता. बटण दाबलं की २-३ हर्ट्झवरच ओव्हरकरंट. मेसेज वाचून टॉर्क बूस्ट १२ टक्क्यांवर नेऊन ठेवला होता. “भाऊ, दुसरा ड्राइव्ह उधारीत सांगून आलो,” शेतकरीदादा म्हणाले. बाग सुकत चालली होती, त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी आउटपुटच्या वायरी सोडून ड्राइव्ह मोकळा चालवला. ५० हर्ट्झपर्यंत काही तक्रार नाही. मेगरवर मोटर आणि केबल चांगली. मग ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये काय आहे? जुना स्टार्टर तसाच ठेवला होता आणि त्याच्या डब्यात धुळीनं माखलेला कपॅसिटर होता. ड्राइव्हचं आउटपुट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं. त्यापुढे कपॅसिटर जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. कपॅसिटर काढला, स्टार्टर बाजूला करून केबल थेट जोडली आणि टॉर्क बूस्ट कंपनीच्या मूळ आकड्यावर आणला. ५० हर्ट्झला डिस्प्लेवर १३ अँपिअर, मोटरच्या नेमप्लेटवर १५. दादांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावून ड्राइव्ह नको म्हणून सांगितलं.