नसबंदी झालेल्या सशाला उपाशी आणि एकटे ठेवू नका

ससे पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. त्यात म्हटले आहे की, नराला नसबंदीच्या, म्हणजे निर्बीजीकरणाच्या, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवावे. घरी आणल्यावर एक-दोन दिवस तो खात नाही, ते स्वाभाविक समजावे. पंधरा दिवस त्याला जोडीदारापासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवावे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालावी आणि जखमेवर हळद लावून घरात असलेले अँटिबायोटिक सिरप थोडे पाजावे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, परंतु यातले बहुतेक सल्ले कुत्र्या-मांजरांच्या शुश्रूषेतून उचललेले आहेत आणि सशाच्या बाबतीत त्यांतले काही थेट जिवावर बेततात.

कुत्र्याला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. सशाला उलटी होतच नाही. त्यामुळे रात्रभर उपास घडवण्याचे कारणच उरत नाही. भूल देताना तोंडात घास अडकलेला नसावा, एवढ्यासाठी शेवटचा थोडा वेळ खाणे काढून घेतले तरी पुरते. रात्रभर उपाशी ठेवण्यास सांगितले गेले, तर ‘आपल्याकडे सशांच्या शस्त्रक्रिया नेहमी होतात का?’ असे स्पष्ट विचारावे. दवाखान्यात जाताना त्याचे रोजचे गवत आणि कोथिंबिरीची जुडी सोबत न्यावी, म्हणजे शुद्धीवर येताच ओळखीचे खाणे त्याच्यासमोर असेल.

‘एक-दोन दिवस न खाणे स्वाभाविक’ हे या संदेशातले सर्वांत घातक वाक्य आहे. सशाची आतडी तंतुमय चाऱ्याच्या जोरावर अखंड हलत राहतात. भूल, वेदना आणि भीती या तिन्हींमुळे ती मंदावतात. त्यात खाणे थांबले की आतड्यांतील जिवाणूंचे संतुलन बिघडते, वायू साठतो, त्या वायूने पोट दुखते आणि पोट दुखते म्हणून ससा आणखी खात नाही. लठ्ठ सशाच्या यकृतात चरबी साचू लागते, ते वेगळेच. म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने थोडे तरी खाल्ले पाहिजे, आणि बारा तास तोंडात काहीच गेले नसेल किंवा लेंड्या पडल्या नसतील, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन केला पाहिजे.

अडचण अशी की ससा वेदना लपवतो. तो ओरडत नाही, लंगडत नाही. कोपऱ्यात पाठीचा बाक काढून, डोळे अर्धवट मिटून, कान मागे टाकून बसतो, आणि आपल्याला वाटते की बिचारा विश्रांती घेत आहे. पुदिन्याचे पान नाकाशी धरल्यावर तो हुंगतो आणि तोंड फिरवतो. कान जवळ नेला तर दात करकरल्याचा आवाज येतो. ही झोप नव्हे. वेदनाशामक औषध, बहुधा मेलोक्सिकॅम, पशुवैद्यांकडून वजनानुसार घरी देण्यासाठी मागून घ्यावे, कारण वेदना आटोक्यात आली की पुष्कळ ससे आपणहून खाऊ लागतात. तरीही खात नसेल, तर पशुवैद्यांना विचारून पेलेट (सशांच्या खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून त्यांची पातळ पेज सुईविरहित सिरिंजने, समोरच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, थोडी थोडी भरवता येते. मात्र पोट फुगून टणक लागत असेल तर घरी काहीही भरवू नये. त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

जोडीदारापासून वेगळे ठेवण्याच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. निर्बीजीकरणानंतरही नराच्या शरीरात शुक्राणू शिल्लक असतात आणि चार ते सहा आठवडे त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते. म्हणून मादीचे निर्बीजीकरण झालेले नसेल तर सहा आठवडे दोघांना एकत्र सोडू नये. संदेशातले पंधरा दिवस इथे उलट अपुरे पडतात. परंतु त्यासाठी वेगळी खोली कशाला हवी? लहान भोकांची तारेची जाळी मध्ये ठेवून दोघांना शेजारी शेजारी राहू द्यावे. जुळलेली जोडी एकमेकांना मुख्यतः वासाने ओळखते. दवाखान्याचा वास घेऊन आलेला आणि मग पंधरा दिवस नजरेआड राहिलेला नर मादीला परका वाटू शकतो. ती त्याच्यावर धावून जाते, केस उपटते, आणि महिनोन्‌महिने जमवलेली जोडी मोडते. दोघांची अंथरुणे रोज अदलाबदल करावीत. शक्य असेल तर शस्त्रक्रियेच्या दिवशी जोडीदारालाही दवाखान्यात न्यावे, म्हणजे दोघांच्या अंगाला तोच वास लागतो. जोडीदाराचेही निर्बीजीकरण पूर्वीच झाले असेल आणि पाठलाग किंवा अंगावर चढणे होत नसेल, तर मी त्यांना देखरेखीखाली एकत्रच राहू देण्याच्या मताचा आहे. अनेकदा आजारी ससा खाऊ लागतो तो जोडीदार शेजारी बसून गवत चावू लागल्यावरच.

कॉलर सरसकट नको. ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून तोंडाने घेऊन खातो. त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात आणि कॉलर नेमकी तेच अडवते. तो खरोखरच टाके कुरतडत असेल, तरच पशुवैद्यांच्या सांगण्यावरून ती घालावी.

हळदीचा लेप तो चाटून टाकतो, आणि उरतो त्या पिवळ्या थराखाली जखम लाल झाली आहे का, हे दिसत नाही. घरचे अँटिबायोटिक तर मुळीच देऊ नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिली, तर सशाच्या आतड्यांतले उपयुक्त जिवाणू मरून विषारी जिवाणू फोफावतात आणि ससा दगावू शकतो. मुलांसाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या बाटलीत अनेकदा यांपैकीच एखादे असते.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, तो धोका आपल्याकडे पावसाळ्यात मोठा असतो. ओलसर, लघवी लागलेल्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. भुसा जखमेला चिकटतो, म्हणून जखम भरेपर्यंत खाली धुतलेले सुती कापड घालावे, ते ओले झाले की बदलावे, आणि सकाळ-संध्याकाळ सशाला हलक्या हाताने उचलून जखम व शेपटीखालचा भाग पाहावा. अळी दिसली तर लगेच दवाखाना गाठावा. कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेला फिप्रोनिलचा स्प्रे मारू नये, कारण तो सशाला विषारी आहे.