सुरुंगात दारू मागाहून आली

नमस्कार. डोंगरातून पाणी आणणाऱ्या वाटेला लेखात ‘सुरुंग’ म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. ‘सुरुंग म्हणजे दारू ठासून उडवायचा तो; इथे बोगदा लिहा नाहीतर भुयार,’ असं तुमचं म्हणणं. अर्धं मान्य. आज गोव्यात सुरुंग म्हटलं की काळ्या दगडाची खाणच डोळ्यांपुढे येते.

पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुंगा’ आहे, आणि तेव्हा दारू कुठली? तिथे ती राजाने निसटायची चोरवाट. पुढे किल्ल्याच्या तटाखाली खणून आत दारू भरू लागले आणि भोकाचं नाव भोकातल्या मालाला चिकटलं. पाणसुरुंगाला तर आता भोकही लागत नाही.

खाणीत मात्र भोक अजून महत्त्वाचं. तळाला दारू, वर माती ठासायची. ती सैल राहिली तर दगड तसाच राहतो आणि सगळा जोर तोंडातून तोफेसारखा बाहेर येतो. न उडालेला सुरुंग उकरायचा नसतो. जांभ्या दगडाचे चिरे काढतात त्या चिरेखाणीत हे कामच नाही, तडकलेला चिरा कोण घेणार?

लेखातले सुरुंग केरळातल्या कासरगोड आणि कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड भागातले. तिथले लोकही त्यांना ‘सुरंग’च म्हणतात. जांभ्यात आडवं खणत जायचं, एक माणूस कुदळ घेऊन शिरेल एवढीच रुंदी. तळ तोंडाकडे किंचित उतरता ठेवायचा, म्हणजे पंपाशिवाय पाणी बाहेर येतं. उतार चुकला की ते आतच तुंबतं. जांभा संपून मऊ माती लागली की छत ढासळायची भीती. फार आत गेलं की हवा कोंदते, म्हणून वरून उभी भोकं पाडतात.

‘बोगदा’ इथे बसत नाही. बोगदा आरपार, हा एकाच तोंडाचा. शिवाय पेडण्याच्या रेल्वे बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी शिरलं तर गाड्या बंद पडल्या. सुरुंग खणतात तो त्याच पाण्यासाठी. ‘भुयार’ चालेल, पण त्याला लपण्याछपण्याचा वास येतो.

गोव्यातल्या हरवळ्याच्या गुंफांना लेखात ‘भुयार’ लिहिलं होतं, ते मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. त्या कोरलेल्या खोल्या, कुठे नेणाऱ्या वाटा नव्हेत. लेखात ‘गुंफा’ अशी दुरुस्ती केली आहे.